तिसऱ्या मजल्यावरची टेकडी

मी निसर्गचित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा घरात कोणीही आकांडतांडव केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. माणूस आयुष्याची दिशा बदलत असताना समोरच्याने निदान हातातला चहाचा कप तरी खाली ठेवावा. नवऱ्याने तोही ठेवला नाही. "बरं," तो म्हणाला, "पण सांडासांडी काय ती बाल्कनीत." मुलगी परगावी असते. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, तुला झोप नीट लागते ना?" ज्या बाईने 'शांत झोपेचे सोपे उपाय' दर दोन महिन्यांनी क्रम बदलून छापले, तिला हा प्रश्न!

तर सांगायचं म्हणजे, मी आधी नर्स होते. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, तिसरा मजला. गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला तेव्हा एका वर्तमानपत्रात आरोग्य पुरवणीचं काम धरलं. बसून करायचं काम, म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं. बसून बसून पाठ गेली, ती गोष्ट वेगळी. पुरवणी बंद पडली तेव्हा संपादक म्हणाले, "आता तुम्ही आराम करा." आराम या शब्दाची मला लहानपणापासून धास्ती आहे. आमच्या वॉर्डात ज्याच्याबाबतीत काही करण्यासारखं उरलेलं नसे, त्यालाच डॉक्टर आराम करायला सांगत.

पण खरी गोष्ट टेकडीची आहे.

वॉर्डात चौथ्या कॉटजवळ एक मोठी खिडकी होती आणि तिच्यातून एक टेकडी दिसायची. फार काही विशेष नाही. वर एकच झाड, तेही सरळ नाही, कोणाचं तरी हळू आवाजातलं बोलणं ऐकायला वाकल्यासारखं. खाली तळ्याच्या पाण्याची बारीक पट्टी. संध्याकाळी सूर्य त्या झाडाच्या जरा डावीकडे येऊन टेकायचा आणि मग सावकाश पलीकडे उतरायचा. हे मी अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगते आहे, पण हा प्रकार पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकदाही पाहिलेला नाही. कारण नेमकी तीच वेळ वॉर्डातले ताप घ्यायची. सूर्य टेकला की मी पहिल्या कॉटशी, आणि शेवटच्या कॉटचा ताप लिहून मान वर करावी तर खिडकी काळी. मधेच कधी चोरून नजर टाकलीच, तर मागून हमखास हाक यायची, "सिस्टर!" पुढे वर्तमानपत्रात संध्याकाळ म्हणजे पान छपाईला सोडायची वेळ, आणि आमच्या विभागाला खिडकीच नव्हती. एक कॅलेंडर होतं, त्यावर कसलासा धबधबा होता. दोन नोकऱ्यांत मिळून माझ्या सगळ्या संध्याकाळी अशा गेल्या.

मला ती टेकडी हवी होती. एकदाच, सूर्य पूर्ण बुडेपर्यंत, मधे हाक न येता. नुसती बघायला मिळाली असती तरी चाललं असतं. पण काही न करता खिडकीशी बसलेल्या बाईला कोणी बसू देत नाही. तिला निदान कोथिंबीर तरी निवडायला देतात. हातात ब्रश असला तर बसू देतील, असा माझा भाबडा समज होता.

रंगांच्या दुकानात गेले. दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "कितवीत आहे?"

"कोण?"

"ज्याच्यासाठी घेताय तो."

मी म्हटलं, "सध्या घरीच आहे. नाव घालायचंय." त्याने मला एक खोडरबर फुकट दिला.

पहिलं चित्र आठवणीतून काढलं. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं (आमचंच, आणखी कशाला वापरणार), ब्रश जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून घेतले आणि टेकडी काढली. काढताना हात असा सराईतासारखा फिरला की माझी मीच थक्क झाले. रंग वाळेपर्यंत वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर काका खाली आले. हे काका एकटेच राहतात. आयुष्यभर रस्ते आणि गटारं बांधून निवृत्त झाले आहेत आणि आता इमारतीतल्या सर्वांच्या आयुष्याची देखभाल करतात. आमच्या मुलीचं लग्न, वकीलवहिनींचा फ्रिज आणि लिफ्टचा आवाज या तिन्ही विषयांवर त्यांची मतं पक्की आहेत आणि ती एकच आहेत: पाया कच्चा होता.

काकांनी मान तिरकी करून चित्र तपासलं. मग म्हणाले, "सिस्टरबाई, उतार चुकलाय. या डोंगरावरचं पाणी जाणार कुठे?"

तेवढ्यात समोरच्या वकीलवहिनी वाटीभर साखर मागायला आल्या. त्या डोकावल्या आणि हळहळून म्हणाल्या, "अगंबाई, कोणाचं लिव्हर हो हे? पिणाऱ्याचं दिसतंय."

मी चित्राकडे पाहिलं. ते लिव्हरच होतं. डावीकडे निमुळतं, उजवीकडे फुगलेलं, रंगसुद्धा तोच. त्याचं कारण मला लगेच उमगलं. आयुष्यात मी चित्रं काढली ती फक्त नर्सिंगच्या परीक्षेत. हृदय, यकृत, मूत्रपिंड, नावं द्या, बाण दाखवा. हाताला तेवढंच ठाऊक. खालचं तळं मूत्रपिंडाच्या आकाराचं आलं होतं, आणि टेकडीवरचं ते झाड, काय सांगू, त्याला फांद्या कमी आणि रक्तवाहिन्या जास्त होत्या.

"आठवणीतून काढलं की असंच होणार," नवरा म्हणाला. "बघून काढ." संसारात नवऱ्याचं एखादं म्हणणं बरोबर निघतं, तेव्हा त्याच्याइतकं दुखणारं दुसरं काही नसतं.

म्हणून मी तळ्याकाठच्या बागेत गेले. स्टँड उभा केला, कागद लावला, पाठ ताठ ठेवून बसले. इथे पहिली गोम अशी, की त्या बाजूने टेकडी ती टेकडीच नव्हती. झाडं एकाऐवजी तीन होती. वाकलेलं झाड इथून चांगलं ताठ होतं, म्हणजे इतकी वर्षं ते मला वाकून दाखवत होतं की काय, देव जाणे. मी थोडी जवळ जाऊन पाहिलं, तर टेकडी नाहीशीच झाली आणि नुसता चढ उरला. तरी म्हटलं आलोच आहोत तर काढू, आणि टेकडीचा आकार काढला.

"सिस्टर!"

मी दचकून वळले. एक जाडजूड गृहस्थ हसत उभे होते. "ओळखलंत का? ॲपेंडिक्स! तुम्ही मला रागावला होतात."

मी सगळ्यांनाच रागवायचे, त्यामुळे ओळख पटेना. पण माणूस प्रेमाने बोलत होता. त्याला अलीकडे चक्कर येत होती. माझ्या पिशवीत नवऱ्याचं बीपीचं यंत्र होतं. ते का होतं, असं मला पुढे बऱ्याच अधिकाऱ्यांनी विचारलं. त्याचं उत्तर मला आजही देता येत नाही. काही बायकांच्या पिशवीत छत्री असते, माझ्या पिशवीत बीपीचं यंत्र असतं. मी त्याचं बीपी बघितलं. त्याच्या बायकोचं बघितलं. बायकोच्या मैत्रिणीने आपणहून बाही वर केली. फिरायला आलेले दोघंतिघं काय चाललंय म्हणून थांबले आणि आपल्याकडे चार माणसं एकामागे एक उभी राहिली की पाचवं का म्हणून विचारत नाही, रांगेत लागतं. मधेच एका आजोबांनी मला वर्तमानपत्रातली म्हणून ओळखलं आणि त्यांच्या गल्लीतला दिव्याचा खांब कसा पडायला आलाय याची हकिगत सुरू केली. माझी जित्याची खोड! उजव्या हाताने बीपी घेत डाव्या हाताने मी चित्राच्या कोपऱ्यात खांबाचा पत्ता लिहून घेतला. सूर्य कधी बुडाला ते मला कळलंच नाही. रांगेचं तोंड होतं त्याच्याकडे आणि माझी पाठ.

मग बागेचे पर्यवेक्षक आले. शिट्टी वाजवतच आले.

"कोणाच्या परवानगीने आरोग्य शिबिर लावलंय?"

"शिबिर नाही हो. मी चित्रकार आहे."

"चित्रकार?" त्यांनी रांगेकडे पाहिलं, बीपीच्या यंत्राकडे पाहिलं आणि शेवटी स्टँडवरच्या माझ्या चित्राकडे पाहिलं. "आणि हा बोर्ड लिव्हरचा?"

रांगेतून आवाज आला, "अगदी बरोबर काढलंय, साहेब. माझ्या मेव्हण्याच्या रिपोर्टमध्ये असंच आहे."

चित्र जप्त झालं. पुरावा म्हणून. बघून काढलेलं माझं पहिलंवहिलं चित्र एका सरकारी कपाटात गेलं, आणि तेही यकृत म्हणून. मोठमोठ्या चित्रकारांना हयातीत कोणी ओळखत नाही असं ऐकलं होतं. पण निदान त्यांच्या डोंगरांना डोंगर म्हणून ओळखत असतील.

वकीलवहिनींचं म्हणणं पडलं की प्रकरण कोर्टात टिकणार नाही, पण रीतसर लेखी परवानगी काढून ठेवावी. म्हणून कार्यालयात गेले. उद्यान खात्याने सांगितलं, चित्रं आमच्याकडे येत नाहीत, फक्त झाडं येतात. मी म्हटलं चित्रात झाड आहे. त्यांनी मला सांस्कृतिक खात्याकडे पाठवलं. सांस्कृतिकच्या कारकुनाने विचारलं, बसण्याचं कारण काय लिहू? छंद, व्यवसाय की आंदोलन? चौथा रकाना नव्हता. मी म्हटलं, "ओढ लिहा." त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, ओढ म्हणजे आरोग्य खातं."

आरोग्य खात्यात मला सगळे वर्तमानपत्रातली म्हणून ओळखत होते. तीच तर अडचण होती. मी तोंड उघडायच्या आत चहा आला, खुर्ची आली, आणि साहेब स्वतः येऊन म्हणाले की औषधांच्या तुटवड्याबद्दल त्यांना काही बोलायचं नाही. मी म्हटलं, मला फक्त एक टेकडी बघायची आहे. ते सावध झाले. "कुठल्या टेकडीवर तुटवडा आहे?"

त्या दिवशी घरी येऊन मी बाल्कनीत बसले. बाल्कनीतून समोरच्या इमारतीची बाल्कनी दिसते. मला खरंच रडू आलं. परवानगीचं नव्हतं काही. बागेत बसल्यावर एक गोष्ट लख्ख कळली होती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. मला हवी होती ती टेकडी फक्त एकाच ठिकाणाहून दिसते. ती बाहेर कुठे नाहीच. ती तिसऱ्या मजल्यावर आहे, चौथ्या कॉटजवळ.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेले. आताची मेट्रन एके काळी माझ्या हाताखाली शिकलेली. तिने मला मिठी मारली आणि माझं म्हणणं ऐकून मिठी सोडली.

"ताई, तुम्ही म्हणाल ते करीन. पण पत्रकारांना वॉर्डात बंदी आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही आपल्या बंद लिफ्टबद्दल लिहिलंत तेव्हापासून."

"पण लिफ्ट सुरू झाली ना त्यामुळे!"

"झाली ना. बंदीचा कागद लिफ्टमध्येच लावलाय." मग तिलाच माझी कीव आली. "पेशंट असाल तर येऊ शकता. किंवा पेशंटसोबतचं माणूस. पण पुरुषांचा वॉर्ड आहे, ताई. घरात आहे का कोणी?"

मी नवऱ्याकडे संध्याकाळभर बघत राहिले. इतकं निरोगी माणूस मी वॉर्डात कधी पाहिलं नव्हतं. "काय बघतेस?" त्याने विचारलं. "काही नाही," मी म्हटलं, "तुला कुठे दुखत वगैरे नाही ना?" त्याला वाटलं मी प्रेमाने विचारतेय. मी त्याचा गैरसमज राहू दिला.

आणि मग पुढच्याच आठवड्यात इंजिनिअर काका जिन्यात मधेच थांबून कमरेच्या जरा खाली हात दाबताना दिसले.

"काका, हर्निया?"

"जुना आहे. कधीपासून सांगताहेत ऑपरेशन करा म्हणून. उजव्या बाजूला आहे. डावीकडेही जरा ओढल्यासारखं होतं, पण ते असो. करायचं कसलं? सोबतीला कोण थांबणार?"

आजारी माणसाकडे बघून मला इतका आनंद यापूर्वी कधीही झालेला नव्हता, आणि पुढेही होऊ नये. "मी थांबते!" मी जवळजवळ ओरडलेच. "आपण याच आठवड्यात करून टाकू!"

इमारतीत माझ्या परोपकाराची चर्चा झाली. वकीलवहिनींनी डोळे पुसले. फक्त नवरा म्हणाला, "पिशवीतून रंगाची डबी बाहेर दिसतेय."

भरती करताना कारकुनाने विचारलं, "कुठलीही कॉट चालेल ना?"

"चौथी," मी म्हटलं.

"पण पंख्याखालची मोकळी आहे."

"यांना पंखा चालत नाही."

"मला चालतो," काका म्हणाले.

"काका, तुम्ही आराम करा."

चौथी कॉट मिळाली. खिडकी तीच होती, फक्त गजांना नवा रंग दिलेला. आणि पलीकडे ती होती. एकच झाड. वाकलेलं. मी स्टँड उभा केला, मेट्रनने तिकडे पाठ केली, आणि मी खुर्चीवर बसले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. काका छताकडे बघत पडले होते. त्या दिवशी त्यांनी उताराबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचा हात मात्र चादरीच्या कडेला सारख्या घड्या घालत होता, आणि असे हात मी खूप पाहिले आहेत.

सूर्य खाली यायला लागला. मी ब्रश ओला केला. आता झाडाच्या डावीकडे येईल. आला. आता टेकेल.

"सिस्टर!"

पलीकडच्या कॉटवरून हाक आली आणि मी उठले. म्हणजे माझे पाय उठले. मी सलाईनपर्यंत पोहोचलेसुद्धा. तिथे एक तरुण नर्स आधीच आली होती. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा ना. हाक मला आहे."

मी परत वळले. हाक मला नव्हती. जी हाक येऊ नये म्हणून एवढी सगळी यातायात केली, ती आता कधीच मला येणार नव्हती, आणि हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खिडकीपाशी जाऊन मी नुसतीच उभी राहिले. हातातला ब्रश वाळत होता.

"चित्रकारबाई," मागून काकांचा आवाज आला. मला चित्रकार म्हणणारं जगातलं ते पहिलं माणूस. मी भारावून मागे पाहिलं.

"जरा सरका की. मला टेकडी दिसत नाही."

मी सरकले. इतकी वर्षं मी या खिडकीसमोरून जा-ये करत होते, आणि चौथ्या कॉटवर कोणी ना कोणी पडलेलं होतंच. त्यांनाही दिसत होती. आपल्या एकटीचीच आहे असं उगीच धरून चालले होते मी. खुर्ची कॉटशेजारी ओढून बसले. सूर्य झाडाशी टेकला होता. काकांचा हात चादरीवर स्वस्थ पडला होता.

तेवढ्यात ती तरुण नर्स आली. हातात थर्मामीटर, पाठ खिडकीकडे, चेहऱ्यावर पुढच्या सगळ्या कॉटी. तिने काकांना "तोंड उघडा" म्हणून सांगितलं, आणि तेवढ्यात मान किंचित वळवून चोरून बाहेर बघितलं. क्षणभरच. मग लगेच घड्याळाकडे.

ते बघणं मला ओळखीचं होतं.

"दे इकडे," मी म्हटलं आणि थर्मामीटर तिच्या हातातून घेतलं. "ही ओळ मी करते. तू उभी राहा इथे."

"अहो मावशी, पण..."

"उभी राहा म्हटलं ना!" हा आवाज वॉर्डाने बऱ्याच वर्षांनी ऐकला असावा, कारण आठव्या कॉटवरचा माणूससुद्धा उठून बसला. ती मुकाट्याने खिडकीशी गेली. मी काकांच्या तोंडात थर्मामीटर ठेवलं आणि खिडकीकडे पाठ करून नाडी धरली. घड्याळावरची नजर हलवायची नसते.

"काय दिसतंय?" मी न वळता विचारलं.

"टेकडी."

"ते मला माहीत आहे. नीट सांग. सूर्य कुठाय?"

"अर्धा गेला. झाडाच्या खालच्या फांदीशी आहे."

"रंग?"

"केशरी... नाही, केशरी नाही. जखम बरी होत आली की कडेला असतो ना, तसा गुलाबी." ती थांबली. "आणि टेकडी जांभळी झालीये. पाण्यात पण एक पट्टी आलीये, ती हलतेय. मावशी, हे रोज असंच असतं?"

"रोज," मी म्हटलं आणि पुढच्या कॉटकडे गेले. ती सांगत राहिली, मी ताप घेत राहिले. शेवटची कॉट झाली तेव्हा ती म्हणाली, "गेला." मी वळले. खिडकी नेहमीसारखी काळी झाली होती.

तिने थर्मामीटर परत घेतलं आणि माझ्या खांद्याला जरा हात लावून गेली. मी कागदापुढे बसले आणि दिव्याच्या उजेडात तिने सांगितलं तसं रंगवलं. गुलाबी कड, जांभळी टेकडी, हलणारी पट्टी. काकांनी कुशीवर वळून पाहिलं.

"उतार जमलाय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण तुमचं बघायचं राहूनच गेलं की."

"उद्या बघीन."

पण उद्या काका ऑपरेशननंतर गुंगीत होते आणि मी त्यांच्या उशाशी होते. परवा ढग होते. आणि तेरवा सकाळीच डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे, जा घरी. मी पिशवी भरली. स्टँड मिटला. काका कॉटच्या कडेला बूट घालून बसले होते, आणि आम्ही दोघं खिडकीतून बाहेर बघत होतो. सकाळच्या उन्हात टेकडी अगदीच साधी दिसत होती.

"काका," मी म्हटलं, "डावीकडेही जरा ओढल्यासारखं होतं, असं तुम्ही म्हणाला होतात ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्या वाकलेल्या झाडाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ.

"दुखतं खरं थोडं," ते म्हणाले.